शेवटच्या अक्षरावरचा जोर

आमच्या घरात काकांखेरीज कोणाला इटालियन येत नव्हतं, आणि काकांना ते येतं याचा कोणाला काही उपयोगही नव्हता. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि देवापुढे संस्कृत, एवढ्यात कुंभकोणममध्ये आमचं सगळ्यांचं भागायचं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते कारकून म्हणून फौजेत गेले. आजोबांना ते मुळीच पसंत नव्हतं. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांची तुकडी पकडली गेली आणि सगळ्यांना बोटीत घालून इटलीला नेलं. तिथे डोंगरातल्या एका छावणीत ते कैदी होते. पुढे इटलीने हार पत्करली तेव्हा एका सकाळी छावणीचे पहारेकरी दिसेनासे झाले आणि कैदी वाट फुटेल तिकडे पळाले. काका आणि एक गढवाली शिपाई वर वर चढत गेले. तिथे दगडी घरांची एक लहानशी वाडी होती. त्या वाडीतल्या एका विधवेने दोघांना आपल्या मेंढ्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर लपवलं. खाली जर्मन सैनिक फिरत होते. कैद्यांना आसरा देणाऱ्यांची घरं ते जाळत. तरी तिने यांना सगळा हिवाळा ठेवून घेतलं. मक्याची कांजी आणि भाजलेले चेस्टनट खाऊन काका जगले. त्या बाईचा एकुलता एक मुलगा रशियाच्या आघाडीवर गेला होता आणि त्याची काहीच खबर नव्हती. त्याचा लोकरीचा कोट तिने काकांना घालायला दिला.

इतकंच आम्हाला माहीत होतं, कारण काका इतकंच सांगत. आणि शेवटी एक वाक्य, दर वेळी तेच: "मी निघालों त्या दिवशीं म्हातारीने मला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारली." हे म्हणताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. आजीला ते वाक्य आवडत नसे. "म्हणजे तूं तिचा झालास होय रे?" ती विचारायची. काका नुसते हसत.

परत आल्यावर आजीने त्यांना पंचगव्य देऊन घरात घेतलं. रेल्वेच्या माल-कचेरीत त्यांना नोकरी लागली. लग्नाचं बोलणं निघालं की ते उठून परसात जात आणि विहिरीचं पाणी काढायला लागत, हंडे भरलेले असले तरी. हळूहळू ते बोलणं निघेनासं झालं. कचेरीतून येऊन हातपाय धुऊन ते ओसरीवर बसत, वर्तमानपत्र वाचत, जेवत आणि झोपत. घरात सर्वांत कमी आवाज त्यांचा होता.

आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि तिथेच राहिली. पुण्याकडच्या माणसांना ती ऐकून गंमत वाटते. म्हणून काकांचं बोलणं मी इथे बरंचसं आजच्या मराठीत लिहिणार आहे. त्यांचे काही शब्द मात्र तसेच ठेवते, नाहीतर ते मला काकांचे वाटणार नाहीत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी शाळा संपवून, लग्न ठरेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून, गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये लहान मुलींना अक्षरं शिकवत होते. त्याच शाळेत मी शिकले होते. तिथे एक इटालियन मदर होत्या. फार तरुणपणी आलेल्या, मग कधीच परत न गेलेल्या. त्यांनी आम्हाला शिवण आणि हार्मोनियम शिकवलं होतं. तमिळ त्या असं बोलत की पाठमोऱ्या असल्या तर भाजीवालीही फसायची. त्या वर्षी पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर तमिळ गेलं, इंग्रजी गेलं. जीभ सैल झाली तेव्हा तोंडातून जे शब्द यायला लागले ते कोणालाच कळेनात. बाकीच्या सिस्टर आपल्याच मुलखातल्या होत्या आणि मुख्य मदर फ्रेंच होत्या. त्यांना एखादा शब्द ओळखीचा वाटे, पण वाक्य लागत नसे.

"रोज सकाळी त्या ओरडतात," मुख्य मदर मला म्हणाल्या. "आम्ही पाणी देतो, दूध देतो, जपमाळ देतो. त्या सगळं ढकलून देतात आणि रडतात."

मी म्हणाले, "माझ्या काकांना इटालियन येतं."

घरी विचारलं तेव्हा काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला मेंढ्यांमागचें इटालियन येतें गे," ते म्हणाले. "मदरबाईंपुढे तें कसें बोलूं?" पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून लवकर निघून, धुतलेली वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, आणि सदरा घालून ते शाळेच्या फाटकाशी उभे होते.

आजारी सिस्टरांच्या खोलीत पुरुष माणूस जायचं म्हणून दार सताड उघडं ठेवलं होतं. मी बरोबर होते आणि दाराशी एक सिस्टर विणकाम घेऊन बसली होती. काकांनी चपला बाहेर काढल्या, पलंगापासून चार हात लांब उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ब्वोन जोर्नो, माद्रे."

मदरनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती.  मग डाव्या हाताने खिडकीकडे दाखवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. काका गेले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

"उजेड," ते मला म्हणाले. "उजेड डोळ्यावर येतो म्हणतात. सकाळचें ऊन येत असेल ह्या बाजूने."

ती खिडकी पूर्वेची होती. इतके आठवडे एका खिडकीसाठी त्या रडत होत्या. दाराशी बसलेल्या सिस्टरने विणकाम मांडीवर ठेवलं आणि तोंडावर हात धरला.

मग काका आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी जायला लागले आणि मी त्यांच्याबरोबर. आधी फक्त निरोप्याचं काम होतं. उशी उंच हवी, भातात मीठ कमी घाला, पायावरून चादर काढा. पण मदर जन्मभर मास्तरीण होत्या. जरा बरं वाटल्यावर त्यांनी काकांची भाषा सुधारायला घेतली.

काका क्रियापदं कशीही चालवत. 'मी' आणि 'तो' यांची गल्लत करत, आणि त्याहून वाईट म्हणजे जोर भलत्याच अक्षरावर देत. मदर डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटून प्रत्येक शब्दाची अक्षरं पाडायच्या. पार-लो, मी बोलतो. पार-ली, तू बोलतोस. पार-ला, तो बोलतो. यात जोर 'पार'वर. त्या अक्षराला दांडी टणकन वाजायची, पुढच्याला नुसता स्पर्श. 'आम्ही बोलतो' आणि 'तुम्ही बोलता' म्हणताना जोर एक अक्षर पुढे सरकतो: पार-ल्या-मो, पार-ला-ते. काकांना वाटलं, आता तो पुढेच राहणार. म्हणून 'ते बोलतात' म्हणताना त्यांनी पार-ला-नो असा मधल्या अक्षरावर जोर दिला. मदरनी डोळे मिटून घेतले, खारट कॉफी तोंडात गेल्यासारखे. 'ते' म्हणताना जोर पुन्हा मागे जातो, अगदी पहिल्या अक्षरावर, आणि उरलेली दोन अक्षरं नुसती घरंगळतात.

अक्षरं तोडायची कुठे यातही त्यांचा कटाक्ष असे. 'मी वाट पाहतो' याला आस्पेत्तो म्हणतात. काका ते आपल्यासारखं तोडत, आस-पेत-तो. मदर मान हलवत. आ-स्पेत-तो. तो 'स' पुढच्या अक्षराचा, मागच्याचा नव्हे. जोडाक्षरातला दुहेरी 'त' मात्र मागच्या-पुढच्या दोन्ही अक्षरांनी वाटून घ्यायचा.

मला हे सगळं फार आवडायला लागलं. आपल्याकडे कोणत्याही अक्षरावर असा भार नसतो. सगळी अक्षरं पंगतीतल्यासारखी सारखीच वाढलेली. कुंभकोणमच्या मुलांना ताल कळतो. मांडीवर थाप कुठे पडायची हे आम्हाला शिकवावं लागत नाही. पण ती थाप शब्दाच्या आत असते, आणि ती हलली की शब्द बदलतो, हे नवीन होतं. परत येताना मी काकांना विचारायची, "बोलतो, बोलतोस, बोलतात, यांत जोर कोठें?" काका चालता चालता पुटपुटून बघायचे आणि म्हणायचे, "कोठेंच नाही गे. आपली भाषा भाड्याच्या गाडीसारखी, सगळीं चाकें सारखींच." आणि हसायचे. त्यांना हसताना पाहून आई एकदा आप्पांना म्हणाली की मदरबाईंचं दुखणं भाऊजींना मानवलेलं दिसतं.

काकांचा आवाज हळू होता आणि मदरना झटक्यानंतर थोडं कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यामुळे ते खोलीत नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत. असंच एका संध्याकाळी आम्ही निघालो. मी बाहेर चपला घालत होते. काका दारात वळले. आपण कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तमिळमध्येही 'जाऊन येतो' असंच म्हणतात. काकांनी तेच इटालियनमध्ये म्हटलं. 'मी परत येतो' याला तोर्नो म्हणतात. मदरना ऐकू जावं म्हणून त्यांनी हात हलवला आणि शेवटचं अक्षर ओढून, उंच करून म्हटलं. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण सगळेच तसं करतो: आईऽऽ, येतोऽऽ.

मदरनी उशीवरून डोकं उचललं. त्या काकांकडे नव्हे, त्यांच्या पलीकडे दाराबाहेर बघू लागल्या.

"कोण?" त्यांनी इटालियनमध्ये विचारलं. "कोण परत आला?"

काकांना काही कळलं नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा तसंच म्हटलं. तेव्हा मदरच्या लक्षात आलं आणि त्या चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूने हसल्या. त्यांनी काकांना जवळ बोलावून दांडीवर बोट आपटलं. तोर-नो. पहिल्या अक्षरावर टणत्कार, दुसऱ्याला स्पर्श. मग काकांच्या छातीकडे बोट: मी. मी परत येतो. मग पुन्हा: तोर-नो. या वेळी पहिल्याला स्पर्श आणि दुसऱ्यावर असा ठोका की दांडी थरथरली. आणि बोट दाराबाहेर, दूर: तो. तो परत आला. आला, झालं.

"अक्षरें तींच?" काकांनी विचारलं.

मदर हो म्हणाल्या. अक्षरं तीच. लिहिताना शेवटच्या अक्षरावर एक रेघ देतात, बोलताना जोर. एवढाच फरक.

काका उभेच राहिले. मदर काही बोलल्या, पण ते त्यांना ऐकू गेलं नसावं. मग त्यांनी हात जोडले आणि ते बाहेर आले. चपला न घालताच चालायला लागले. मी त्या हातात घेऊन त्यांच्या मागे गेले.

गावातल्या महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर ते बसले. संध्याकाळचा वारा सुटला होता आणि लोक मुलांना घेऊन फिरायला आले होते. मी त्यांच्या पायाशी चपला ठेवल्या.

"काय झालं काका?"

"निघालों त्या दिवशीं," ते म्हणाले, "म्हातारी घरीं नव्हती. खाली झऱ्यावर धुणें धुवायला गेली होती. गढवाली आणि वाट दाखवणारा माणूस माझी वाट पाहत होते. जर्मन फौज खालच्या गावापर्यंत आली होती, थांबतां येत नव्हतें. पण न सांगतां कसें जावयाचें? मी तिच्या दारांत उभा राहिलों आणि वरूनच हाक मारली."

"काय म्हणून?"

"आपण म्हणतो तेंच. मम्मा, येतो. तिच्या भाषेंत, शेवट ओढून."

त्यांनी खालच्या पाण्याकडे बोट केलं, झरा तिथेच असल्यासारखं.

"तिने वर पाहिलें. हातातलें धुणें टाकलें आणि ती धावत सुटली. त्या चढावर, म्हातारी बाई, अनवाणी. मला वाटलें मला भेटायला येते. पण ती माझ्या अंगावरून तशीच घरांत शिरली. मला वाटलें भाकरी बांधून द्यायला गेली. तेवढ्यांत गढवाल्याने माझा दंड धरून ओढलें. आम्ही वाकून बांधाआडून पळालों. आणि मागे घरांतून तिची हाक ऐकूं आली. मुलाच्या नावाने. एकदा नव्हे, पुष्कळदा. या खोलीतून त्या खोलीत."

 मला कळलं होतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

"इतकीं वर्षें," काका म्हणाले, "मी समजलों ती मला हाक मारत होती."

"तुम्हाला तसं म्हणायचंच नव्हतं, काका."

"मला काय म्हणावयाचें होतें तें तिला कोठें माहीत आहे? तिने जें ऐकलें तें ऐकलें. तो परत आला म्हणून मी दारांत उभा राहून हात हलवला. आणि ती घरांत जाऊन बघते तर कोणी नाही. मीही नाही."

तळ्याच्या पलीकडे कोणी कापूर लावला होता. काका तिकडे बघत राहिले आणि अंधार पडायच्या आत आम्ही घरी आलो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आजीने विचारलं तेव्हा पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतर काही दिवस ते मदरकडे गेले नाहीत. मी एकटीच जायची. मदर दाराकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. मला जेमतेम शंभरेक शब्द येत होते. मी म्हणायची, कचेरीत काम आहे. खोटं बोलताना परक्या भाषेतसुद्धा जीभ अडखळते. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, सैनिकाला बोलाव. त्या काकांना सैनिकच म्हणायच्या.

मी घरी येऊन सांगितलं. काका ओसरीवर बसले होते. "काय तोंडाने जाऊं?" ते म्हणाले. आजी आतून म्हणाली, "आजारी माणूस बोलावतें तर तोंड कशाला पाहातोस? पाय आहेत ना?"

ते आले. या वेळी ते पलंगाजवळच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मदरना सगळं सांगितलं. सावकाश, एकेक क्रियापद तोलून, जिथे जोर द्यायचा तिथेच देऊन. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण एकही क्रियापद चुकलं नाही हे मला कळलं, कारण मदरचं बोट दांडीवरून एकदाही उचललं गेलं नाही.

ते संपल्यावर मदरनी नजर छताकडे वळवली. मग त्या बोलल्या. काकांनी मला नंतर सांगितलं ते असं.

त्या घर सोडून निघाल्या तेव्हा त्यांची आई दारात उभी होती. मदर तिला म्हणाल्या होत्या, तोर-ने-रो. मी परत येईन. जोर शेवटच्या अक्षरावर, जिथे असायला हवा तिथेच. "माझं क्रियापद बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी मास्तरीण होणार होते, ते चुकलं असतं तर आईच मला हसली असती. तिने विश्वास ठेवला. आणि मी गेले नाही. ती वाट बघत मेली. सैनिका, तू चुकीचं बोललास पण तुझ्या मनात खोटं नव्हतं. मी बरोबर बोलले आणि मला निघतानाच ठाऊक होतं."

काकांनी आपला हात मदरच्या लुळ्या हातावर ठेवला. दाराशी सिस्टर होती, तिने बघितलं आणि मान खाली घातली. आमच्याकडे असं कोणी करत नाही, त्यांच्याकडेही नाही. पण त्याबद्दल कधी कोणी बोललं नाही.

मदरनीच मार्ग काढला. त्या वाडीचं नाव काकांना बोलण्यातलं माहीत होतं, लिहिण्यातलं नाही. काका ते उच्चारत, मदर त्याची अक्षरं पाडत, हे असं असेल, हे तसं असेल, आणि मी पाटीवर लिहायची. शेवटी त्या म्हणाल्या, हे बरोबर वाटतं. मुख्य मदरनी त्यांच्या इटलीतल्या मठाला कळवलं की त्या डोंगरातल्या चर्चच्या फादरकडून अमुक बाईची चौकशी करावी, आणि ती असेल तर तिला सांगावं की तिच्याकडे राहिलेल्या हिंदी सैनिकाला 'मी परत येतो' म्हणायचं होतं. आणि तिचा मुलगा आला का, तेही विचारावं.

उन्हाळा गेला. मदरना दुसरा झटका आला तेव्हा कावेरीला नवं पाणी आलं होतं. शेवटचे काही दिवस त्या कोणाला ओळखत नव्हत्या. काका रोज जात, स्टुलावर बसत आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोलत. त्यांना ऐकू येत नसणार. एकदा मी दाराशी उभी राहून ऐकलं. काका क्रियापदं चालवत होते. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. त्यांना बोलायला दुसरं काही सुचलं नसेल. मदरचं डावं बोट चादरीवर स्थिर होतं.

त्यांना शाळेमागच्या दफनभूमीत पुरलं. काका फाटकाशी उभे होते. मुख्य मदरनी त्यांना आत बोलावलं आणि माती टाकायला सांगितलं. त्यांनी टाकली. घरी येऊन विहिरीवर स्नान केलं आणि कचेरीत गेले.

त्याच पावसाळ्यात माझं लग्न झालं आणि मी तिरुच्चीला गेले. इटलीचं उत्तर आलं तेव्हा मी तिथे होते. पुढच्या वर्षी भाद्रपदात माहेरी आले तेव्हा आईने सांगितलं. मुख्य मदरनी काकांना शाळेत बोलावून तोंडीच सांगितलं होतं. ती बाई लढाई संपल्यावर दोन हिवाळ्यांनी गेली. आता ते घर बंद आहे. वाडीतले बहुतेक लोक पोटापाण्यासाठी समुद्रापलीकडे निघून गेले आहेत. चर्चचे फादर नवीन आहेत, त्यांना हिंदी सैनिकाबद्दल काही ठाऊक नाही. मुलाचं नाव लढाईत हरवलेल्यांच्या यादीत आहे, म्हणजे मेल्याचं कोणी पाहिलेलं नाही आणि आल्याचंही नाही.

"भाऊजी काही म्हणाले नाहीत," आई म्हणाली. "फक्त फादर नवीन आहेत का, असं दोनदा विचारलं म्हणे."

सर्वपित्री अमावास्येला आप्पा आणि काका कावेरीवर तर्पणाला गेले. मी घागर घेऊन त्यांच्या मागे गेले, येताना पाणी आणायचं होतं. घाटावर गर्दी होती. आमचे नेहमीचे भटजी दोघांसमोर बसले. आप्पांचं झालं, मग काकांचं. वडील, आजोबा, पणजोबा, आणि मग बाकीचे नातलग. भटजींनी ठरल्याप्रमाणे विचारलं, आणखी कोणी, गुरू, मित्र, आश्रयदाते?

काका म्हणाले, "एक बाई आहेत."

"नाव?"

काकांनी नाव सांगितलं. भटजींना ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा सांगितलं, अक्षरं वेगळी करून. भटजींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा नदीकडे बघत होते.

"गोत्र?"

"माहीत नाही."

"माहीत नसेल तर काश्यप म्हणतात," भटजी म्हणाले. त्यांचा स्वर बदलला होता, पण त्यांनी थांबवलं नाही. "नातं काय सांगायचं?"

"आई म्हणा."

आजी घरी होती, जिवंत. भटजी तिला ओळखत होते. ते म्हणाले, "मातृसमान म्हणू." काकांनी मान हलवली. भटजींनी ते नाव त्यांच्या मंत्रात बसवलं, प्रत्येक अक्षराला सारखंच वजन देऊन. काकांनी तीळ घेऊन अंगठ्यावरून पाणी सोडलं, तीन वेळा.

"त्यांचे पुत्र वगैरे कोणी?" भटजींनी विचारलं. "एकाच वेळी होऊन जाईल."

काकांच्या हातात तीळ होते. त्यांनी ते बघितले, मग ताम्हनात परत ठेवले.

"नको," ते म्हणाले. "तो गेला असं मला कोणी सांगितलेलं नाही."

भटजी पुढच्या माणसाकडे वळले. आप्पांनी उठताना काकांना हात दिला. मी पायरीवर खाली उतरून घागर भरून घेतली. पाणी गढूळ होतं, म्हणून जरा आत जाऊन पुन्हा भरली. वर आले तेव्हा दोघे भाऊ ओल्या वेष्टीत माझी वाट पाहत उभे होते. घरी आजी पानं मांडून बसली असेल, असं आप्पा म्हणाले, आणि आम्ही चालायला लागलो.